फोटोतला हिरवा रंग 'खोटा' का वाटतो? कर्जत-खालापूरच्या फोटोंचं एडिटिंग समजून घ्या

जून संपता संपता इन्स्टाग्रामचं फीड हिरवं व्हायला लागतं. सीएसएमटीहून सुमारे १०० किलोमीटरवरचं कर्जत लोकलने गाठता येतं आणि खालापूर तर मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरच आहे. त्यामुळे पहिला दमदार पाऊस झाला की भिवपुरीचा धबधबा, कोथळीगड, कोंढाणे लेणी, इर्शाळगड आणि माथेरानचे पॉइंट यांचे फोटो लगेच दिसू लागतात.

यातल्या बऱ्याच फोटोंमध्ये एक गोष्ट खटकते. डोंगर हायलाइटर पेनने रंगवल्यासारखा पोपटी दिसतो, नाहीतर एकदम काळपट. तिथे जाऊन आलेला माणूस फोटो बघून म्हणतो, "असं नव्हतं तिथे."

मग चूक नेमकी कुठे होते? कॅमेऱ्यात, फोनच्या स्क्रीनवर की एडिटिंग ॲपमध्ये? आणि हिरवा रंग सुधारायचा तर किती? सविस्तर बघूया.

कॅमेरा हिरवा रंग कसा पकडतो?

आपल्या डोळ्यांना दिवसाच्या उजेडात सगळ्यात जास्त कळतो तो हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातला प्रकाश. साधारण ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला डोळ्याची संवेदनशीलता सर्वाधिक असते. म्हणूनच हिरव्या रंगात जरा जरी गडबड झाली तरी ती आपल्याला लगेच जाणवते.

डिजिटल कॅमेऱ्याची रचनाही हे लक्षात घेऊनच झाली आहे. कोडॅक कंपनीतले संशोधक ब्राइस बायर यांच्या रंग-फिल्टरला १९७६ मध्ये पेटंट मिळालं. आजही बहुतेक फोन आणि कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हीच पद्धत किंवा तिचा एखादा प्रकार वापरला जातो. यात दर चार पिक्सेलपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो.

हिरवे पिक्सेल दुप्पट म्हणून फोटो जास्त हिरवा येतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या जादा पिक्सेलचा उपयोग बारीक तपशील टिपायला होतो आणि रंगांचा समतोल कॅमेरा नंतर हिशोबाने साधतो.

मग गडबड कुठे होते?

मुख्य कारणं चार आहेत.

पहिलं कारण व्हाइट बॅलन्स. उजेडाचा रंग कोणता आहे याचा अंदाज बांधून कॅमेरा पांढरं ते पांढरं दाखवायचा प्रयत्न करतो. पण फ्रेममध्ये डोंगर, गवत आणि झाडंच असतील, पांढरं किंवा करडं काहीच नसेल, तर हा अंदाज चुकतो. ढगाळ हवेत उजेड निळसर असतो, त्यामुळे हिरवा थंड आणि मळकट दिसतो. दाट झाडीखाली पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवट असतो, त्यामुळे माणसांचे चेहरेसुद्धा हिरवट येतात.

दुसरं कारण फोनची आपोआप होणारी प्रक्रिया. समोर झाडं किंवा निसर्गदृश्य आहे हे अनेक फोन ओळखतात आणि फोटो सेव्ह होण्याआधीच रंग गडद करतात. म्हणजे तुम्ही ॲप उघडता तेव्हा हिरवा एकदा वाढवलेलाच असतो. त्यावर तुम्ही पुन्हा वाढवता.

तिसरं कारण ओल्या पानांवरची चमक. पावसात भिजलेल्या पानांवर पांढऱ्या आकाशाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे पानाचा मूळ रंग फिका दिसतो. फिका दिसला म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवतो. पण पांढऱ्या झालेल्या जागी रंग मुळात कमीच असतो. तिथे फार फरक पडत नाही आणि बाकीचं हिरवं मात्र भडक होतं.

चौथं कारण आपली आठवण. गवत, आकाश, माणसाची त्वचा अशा ओळखीच्या गोष्टींचे रंग आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त गडद लक्षात ठेवतो. रंगविज्ञानात याला 'मेमरी कलर' म्हणतात. घरी येऊन फोटो उघडला की तो फिका वाटतो, कारण आपण तो आठवणीतल्या हिरव्याशी ताडून बघत असतो.

भडक हिरव्याचं आकर्षण काही इन्स्टाग्रामने आणलेलं नाही. १९९० मध्ये बाजारात आलेली फुजीची 'वेल्व्हिया' ही फिल्म गडद रंगांसाठीच, विशेषतः हिरव्यासाठी, निसर्ग छायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय झाली होती.

कर्जत-खालापूरचा हिरवा एकच नसतो

एडिटिंगला बसण्याआधी आपण कोणता हिरवा एडिट करतोय हे माहीत हवं. या दोन तालुक्यांत तो महिन्यागणिक बदलतो.

• जून-जुलै: भाताची कोवळी रोपं पिवळसर पोपटी असतात. लावणी झाल्यावर काही दिवस खाचरात पाणी जास्त आणि हिरवं कमी दिसतं. मधल्या पाण्यात करडं आकाश उतरलेलं असतं.

• ऑगस्ट: भात गडद होतं, डोंगरउतारावर गवत आणि कारवी भरते. कातळावरचं शेवाळ खोल, जवळजवळ काळसर हिरवं होतं.

• सप्टेंबर-ऑक्टोबर: भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात. माळावर आणि कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं येतात. हिरव्यात पिवळा मिसळायला लागतो.

• नोव्हेंबरनंतर: कापणी झालेली असते. डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी होतं.

• फेब्रुवारी ते मे: इथल्या जंगलातली बरीच झाडं पानगळीची आहेत. डोंगर तपकिरी दिसतात. पळस, पांगारा फुलतो, कुसुंबाची नवी पालवी तांबूस लाल येते.

याला एक अपवादही आहे. भिवपुरी इथल्या टाटांच्या वीजनिर्मिती केंद्रातून बाहेर पडणारं पाणी राजनाला कालव्याने कर्जत तालुक्यातल्या काही गावांच्या शेतीला मिळतं आणि त्यावर उन्हाळी भात घेतलं जातं. त्यामुळे मार्चमधल्या फोटोत मागे तपकिरी डोंगर आणि पुढे हिरवंगार शेत दिसलं, तर तो फोटो खरा असू शकतो. अशा फोटोतला डोंगरही हिरवा केला, तर त्या जागेचं वैशिष्ट्यच पुसलं जातं.

पान हिरवं, पण स्लायडर पिवळा!

हिरव्याच्या एडिटिंगमध्ये सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

लाइटरूमसारख्या ॲपमध्ये 'कलर मिक्स' नावाचा भाग असतो. त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, ॲक्वा, निळा, जांभळा आणि मॅजेंटा असे आठ रंग वेगवेगळे बदलता येतात. प्रत्येक रंगाला तीन स्लायडर असतात.

• ह्यू: रंगाची छटा. म्हणजे हिरवा पिवळ्याकडे झुकवायचा की निळ्याकडे.

• सॅच्युरेशन: रंगाचा गडदपणा.

• ल्युमिनन्स: त्या रंगाचा उजळपणा.

साहजिकच लोक हिरवा रंग निवडतात, स्लायडर सरकवतात आणि म्हणतात, "काहीच होत नाहीये." कारण आपल्याला हिरवं वाटणारं गवत, कोवळं भात, उन्हातली पानं यांचा बराचसा भाग ॲपच्या हिशोबात 'पिवळा' असतो. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं. पण परत येणाऱ्या प्रकाशात हिरव्याबरोबर पिवळ्या बाजूचा प्रकाशही भरपूर असतो.

म्हणून झाडांचा रंग सुधारताना आधी पिवळा स्लायडर वापरून बघा. पिवळ्याचा ह्यू उजवीकडे नेला की गवत हिरव्याकडे जातं, डावीकडे नेला की नारिंगीकडे, म्हणजे वाळल्यासारखं दिसतं. हिरव्याचा ह्यू उजवीकडे नेला की रंग निळसर होतो, डावीकडे नेला की पिवळसर.

यात एक धोकाही आहे. पिवळा स्लायडर फक्त गवताला ओळखत नाही. सोनकीची फुलं, हळदी रंगाची साडी, पिवळा रेनकोट हे सगळं त्याच स्लायडरला बांधलेलं असतं. तो उजवीकडे जास्त नेला तर सोनकी लिंबासारखी हिरवट होते. फोटोत असं काही पिवळं असेल तर बदल हलका ठेवा किंवा मास्क वापरून फक्त डोंगरापुरता करा.

एडिट कोणत्या क्रमाने करायचं?

क्रम चुकला की एक दुरुस्ती दुसरीला बिघडवते. साधारण हा क्रम उपयोगी पडतो.

१. आधी व्हाइट बॅलन्स. ढगाळ हवेतला फोटो निळसर वाटत असेल तर 'टेम्परेचर' थोडं उबदार करा. झाडीखालचा फोटो हिरवट असेल तर 'टिंट' मॅजेंटाकडे न्या. धबधब्याचा फेस, पांढरा शर्ट किंवा करडा कातळ बघा. तो पांढरा किंवा करडा दिसला की अर्धं काम झालं. अनेकदा हिरवा इथेच जागेवर येतो.

२. मग उजेड. ढगाळ आकाश पांढरं फटक असेल तर हायलाइट्स कमी करा, दरीतला अंधार थोडा उघडा. शॅडो फार उघडल्या तर शेवाळाचा खोल हिरवा धुरकट होतो.

३. त्यानंतर पिवळा आणि हिरवा. फोटो फोनमधला असेल तर सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी दोन्ही रंगांत ते १० ते २० ने कमी करून बघा. फोनने वाढवलेला रंग यामुळे खाली येतो. कोवळ्या भाताचा ताजेपणा हवा असेल तर सॅच्युरेशनला हात न लावता पिवळ्याचं ल्युमिनन्स थोडं वाढवा.

४. शेवटी पूर्ण फोटोचा रंग. पूर्ण फोटोला रंग द्यायचा असेल तर सॅच्युरेशनपेक्षा 'व्हायब्रन्स' बरा. सॅच्युरेशन सगळे रंग सारखे वाढवतं. व्हायब्रन्स आधीच गडद असलेल्या रंगांना कमी आणि फिक्या रंगांना जास्त वाढवतो, शिवाय त्वचेचा रंग सांभाळतो.

स्नॅपसीड वापरत असाल तर त्यातलं 'सिलेक्टिव्ह' टूल कामाचं आहे. डोंगरावर एक बिंदू ठेवून तेवढ्या भागाचं सॅच्युरेशन किंवा उजेड बदलता येतो आणि शेजारचा माणूस तसाच राहतो.

जास्त झालं हे ओळखायचं कसं?

फोटो झूम करा आणि पानांच्या शिरा, गवताच्या पात्या बघा. फोनच्या नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. हिरवा खूप वाढवला की अनेक पिक्सेल एकाच वेळी २५५ ला जाऊन टेकतात. वेगवेगळ्या छटा एक होतात, पान सपाट प्लास्टिकसारखं दिसतं. शिरा दिसेनाशा झाल्या तर मागे या.

डोंगर आणि आकाश जिथे मिळतात ती कडही बघा. तिथे हिरवी किंवा पांढरी रेघ उमटली असेल तर बदल जास्त झालाय.

फोनची स्क्रीनही फसवते. अनेक फोनमध्ये 'व्हिव्हिड' डिस्प्ले मोड सुरू असतो, तो सगळंच भडक दाखवतो. एडिट करताना 'नॅचरल' मोड लावा आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद ठेवा. शिवाय हिरव्याकडे बराच वेळ बघितलं की डोळा त्याला सरावतो आणि रंग फिका वाटू लागतो. दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा, मग पुन्हा बघा.

फोटो काढतानाच काळजी घेतली तर?

एडिटिंग निम्म्याने कमी होईल. ओल्या पानांवरची चमक घालवायला पोलरायझर फिल्टर वापरतात. तो फिरवला की पानावरचं आकाशाचं प्रतिबिंब कमी होतं आणि मूळ हिरवा वर येतो. ही चमक नंतर ॲपमध्ये नीट काढता येत नाही. फोनवर लावायचे पोलरायझरही मिळतात.

फोनमध्ये 'रॉ' फॉरमॅटची सोय असेल तर ती वापरा. त्यात सेन्सरने टिपलेली माहिती जास्त शिल्लक राहते आणि व्हाइट बॅलन्स नंतर मोकळेपणाने बदलता येतो. एचडीआर हाताळायला अवघड वाटत असेल तर निदान पांढऱ्या आकाशाचा भाग फ्रेममध्ये कमी घ्या.

वेळही महत्त्वाची आहे. पाऊस थांबून ढग थोडे पातळ झाले की सपाट, मऊ उजेड मिळतो. अशा उजेडात हिरव्याच्या सगळ्यात जास्त छटा दिसतात. दुपारच्या कडक उन्हात पानं एकतर पांढरट येतात किंवा सावलीत काळी.

'मूडी ग्रीन' प्रीसेटचं काय?

प्री-वेडिंग शूटसाठी कर्जतकडे येणाऱ्या जोडप्यांच्या फोटोंमध्ये काळपट, तपकिरी झाक असलेला हिरवा बऱ्याचदा दिसतो. या प्रीसेटमध्ये साधारणपणे हिरव्याचं सॅच्युरेशन खूप कमी केलेलं असतं आणि पिवळ्याचा ह्यू नारिंगीकडे नेलेला असतो. त्यामुळे चेहरे आणि कपडे उठून दिसतात.

यात गैर काही नाही, ती एक शैली आहे. मात्र एकाच प्रीसेटने जुलैचं भात आणि डिसेंबरचं गवत सारखंच दिसतं. प्रीसेट लावलाच तर त्याची तीव्रता निम्मी करून बघा आणि चेहरे आधी तपासा. नारिंगी रंग हलला की त्वचाही हलते.

कुठे थांबायचं?

लग्नाचा फोटो, वॉलपेपर, एखादी कलाकृती असेल तर रंग कसाही करा. पण बाहेरच्या फोटोतला हिरवा ही अनेकदा माहिती असते. त्या माहितीवर कुणी निर्णय घेणार असेल तर रंग बदलणं म्हणजे चुकीची माहिती देणं.

पीक दाखवणारा फोटो. भाताच्या पानाच्या हिरव्यावरून पिकाला नत्राची गरज आहे का, हे ठरवतात. त्यासाठी 'लीफ कलर चार्ट' नावाची पट्टी वापरतात. त्यावर पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत छटा असतात. पान त्यांच्याशी जुळवून बघायचं, फिकं निघालं तर खत कमी पडतंय असं समजायचं. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने या पट्टीचा प्रसार केला. कर्जतमध्येही कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि 'कर्जत' नावाने ओळखले जाणारे भाताचे अनेक वाण तिथूनच आले. रोगट पानाचा फोटो सल्ल्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवताना फिल्टर लावला, तर पिवळेपणा झाकला जातो आणि सल्लाच चुकू शकतो. असा फोटो न एडिट करता, शेजारी पांढरा कागद ठेवून काढावा.

जागा विकणारा फोटो. कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाउस आणि प्लॉटच्या जाहिराती भरपूर दिसतात. जुलैमधल्या फोटोवर वर्षभर जाहिरात चालते किंवा मे महिन्यातला तपकिरी उतार हिरवा केला जातो. विकत घेणाऱ्याला तिथे उन्हाळ्यात पाणी असतं का, सावली आहे का हे समजायला हवं. जाहिरात बघणाऱ्यांनी फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे विचारावं आणि जागा एकदा एप्रिल-मेमध्ये प्रत्यक्ष बघावी.

धोका दाखवणारा फोटो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आलं. त्यानंतरच्या फोटोंमध्ये हिरव्या डोंगरउतारावर मातीचा तपकिरी ओरखडा स्पष्ट दिसत होता. डोंगरावरचा असा ताजा ओरखडा किंवा ओढ्याचं अचानक गढूळ झालेलं पाणी फोटोत 'वाईट दिसतं' म्हणून पुसणारे किंवा हिरवं-निळं करणारे असतात. मागून येणाऱ्या पर्यटकांसाठी मात्र नेमकी तीच खूण उपयोगाची असते. पावसाळ्यात धबधबे आणि धरण परिसरात बंदीचे आदेश निघतात, तेव्हा जुना किंवा रंगवलेला फोटो 'आजचा' म्हणून टाकणंही तितकंच घातक आहे.

वृत्तछायाचित्रणात हा नियमच आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मूळ रंगापासून दूर जाईल इतका रंगबदल चालत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• एडिटची सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून करा, सॅच्युरेशनपासून नको.

• झाडांसाठी हिरव्याबरोबर पिवळा स्लायडर वापरा, पण फोटोत पिवळी फुलं आणि कपडे आहेत का ते बघा.

• फोनच्या फोटोत हिरवा बहुतेक वेळा कमी करावा लागतो.

• पानांच्या शिरा दिसत असतील तरच एडिट ठीक आहे.

• मूळ फोटो जपून ठेवा. कुणी विचारलं तर दाखवता येतो.

• पोस्ट करताना कॅप्शनमध्ये जागेसोबत महिना लिहा. 'कोथळीगड, ऑगस्ट' एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. मेमध्ये तिथे जाऊ पाहणाऱ्याला त्यातूनच कळेल की हा हिरवा त्याला दिसणार नाही.